आपल्या नावावर दुसऱ्याची कमाई

नारायण पेठेतल्या त्या कर सल्लागाराच्या ऑफिसात विवरणपत्रांच्या हंगामात पाय ठेवायला जागा नसते. बाकावर, जिन्यात, शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीवर माणसे फायली मांडीवर घेऊन बसलेली असतात. मी ज्यांच्यासाठी तिथे गेले होते, त्या बाईंनी मात्र आयुष्यात कधी विवरणपत्र भरलेले नव्हते. कोथरूडमध्ये विद्यार्थ्यांच्या एका मेसवर त्या पोळ्या लाटतात. दोन वेळचे मिळून महिन्याला बारा हजार सुटतात. नवरा दुसऱ्याच्या टेम्पोवर ड्रायव्हर. प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी न मोडता जपून आणलेला एक लिफाफा होता. आत आयकर कायद्याच्या कलम १४८अ खालची नोटीस होती. २०२१-२२ या आर्थिक वर्षात तुम्हाला ४१ लाख रुपये मिळाले, तुम्ही विवरणपत्र भरले नाही, तेव्हा ही आकारणी पुन्हा का उघडू नये, असा तिचा आशय.

“सर, हे एक्केचाळीस लाख कुणाचे आहेत?” बाईंनी विचारले. “तुमचे नाहीत ना, मग ते शोधायचंय आपल्याला,” सल्लागार म्हणाले आणि त्यांनी संगणक आमच्याकडे वळवला.

संपादकांनी या अंकासाठी ‘ओळख’ हा विषय दिला, तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा आला तो पॅन. आपण सरकारदरबारी कोण आहोत, किती कमावतो, काय विकत घेतले, हे ज्या दहा अक्षरांवरून ठरते, ती अक्षरे दुसऱ्याने वापरली तर काय होते, हे मला जवळून पाहायचे होते.

पडद्यावरच्या ओळी

बाईंचे आयकर पोर्टलवर खातेच नव्हते. ओटीपी घेऊन ते उघडले आणि वार्षिक माहिती विवरण, म्हणजे ज्याला सगळे एआयएस म्हणतात, ते समोर आले. नोव्हेंबर २०२१ पासून हे विवरण प्रत्येक पॅनधारकाला पाहता येते. बँका, म्युच्युअल फंड, दुय्यम निबंधक, कंपन्या, कंत्राट देणारे असे सगळे आपल्याबद्दल सरकारला जे कळवतात, ते तिथे ओळीओळीने दिसते.

बाईंच्या विवरणात तीन कंपन्या होत्या. एकीचेही नाव त्यांनी ऐकलेले नव्हते. तिघींनी मिळून त्यांना ‘कंत्राटी कामाचे’ ४१ लाख दिले होते आणि एक टक्का टीडीएस कापून ४१ हजार रुपये सरकारात भरले होते. “म्हणजे माझ्या नावानं कर पण भरलाय?” बाई चकित झाल्या. भरला होता, आणि खोटा व्यवहार खरा दिसतो तो त्यामुळेच. टीडीएस भरला की खर्च कागदावर पक्का होतो, आणि ४१ लाखांच्या खर्चावर स्वतःचा कर वाचवायला कंपनीला फक्त ४१ हजार मोजावे लागतात.

खाली गेल्या वर्षीची आणखी एक ओळ होती. सहा लाख रुपये आणि त्यावर कापलेले सहा हजार. बाईंच्या वस्तीतल्या कुणीतरी त्यांना सांगितले होते की विवरणपत्र भरून टाका, हे सहा हजार परत मिळतील. सल्लागारांनी खुर्ची पुढे ओढली. “ताई, त्या पैशाला हात लावू नका. परतावा मागितला की सहा लाख माझेच, असं तुम्ही सही करून सांगितल्यासारखं होईल. आणि गेल्या वर्षीचे सहा लाख तुमचे, तर तेव्हाचे एक्केचाळीस तुमचे का नाहीत, असं उद्या अधिकारी विचारेल.” बाईंनी मान हलवली. अर्ध्या महिन्याच्या पगाराएवढी ती रक्कम सोडून देणे त्यांना सोपे गेले नसणार.

मग सल्लागारांनी जीएसटीचे पोर्टल उघडले. तिथे लॉगिन न करताही कुठल्याही पॅनवर किती नोंदण्या आहेत ते शोधता येते. बाईंच्या पॅनवर एक नोंदणी निघाली. तिचे पहिले दोन अंक २७ नव्हते. २७ म्हणजे महाराष्ट्र. बाईंनी न पाहिलेल्या एका राज्यात, त्यांच्या नावाने एक ‘फर्म’ माल विकत होती.

नंबर लपवायचा तरी कुठे

पॅन ही गुप्त ठेवण्याची गोष्ट आहे असे आपण धरून चालतो, पण ती तशी राहूच शकत नाही. पंधरा अक्षरांच्या जीएसटी क्रमांकात राज्याचे दोन अंक सोडले की पुढची दहा अक्षरे म्हणजे पॅनच. एकट्याच्या मालकीच्या दुकानात तो मालकाचा स्वतःचा पॅन असतो आणि कायद्यानेच तो पाटीवर आणि बिलावर झळकतो. २०२३ च्या मार्चमध्ये दिल्ली पोलिसांनी पकडलेल्या टोळीने नामवंत अभिनेते आणि क्रिकेटपटूंचे पॅन असेच त्यांच्या जीएसटी क्रमांकांतून काढून त्यांच्या नावे क्रेडिट कार्डे मिळवली होती. त्याच वर्षी जूनमध्ये नोएडा पोलिसांना एका टोळीकडे अडीच हजारांहून अधिक बनावट कंपन्या आणि लाखो लोकांच्या पॅनची माहिती सापडली.

गरिबांचे पॅन त्याहून सोप्या वाटेने जातात. बाईंना आठवायला सांगितले, तर त्या बोटांवर मोजू लागल्या. सिमकार्ड, गॅसची जोडणी, बचत गटाचे कर्ज, मुलीची शिष्यवृत्ती, घरभाड्याचा करार. मग जरा थांबून म्हणाल्या, “एक मुलगा आला होता लॉकडाऊननंतर. बिनव्याजी कर्ज काढून देतो म्हणाला. आधार, पॅन, फोटो, सही घेऊन गेला, परत आला नाही.” ४१ लाखांचा धागा बहुधा तिथेच असावा. पण तो मुलगा आज कुणाला सापडणार?

पुढची गोष्ट मला सर्वांत जास्त लागली. बाईंचा पॅन रेशन दुकानाशेजारच्या एका एजंटाने काढून दिलेला होता आणि अर्जावर मोबाइल नंबर त्या एजंटाचाच होता. २०२२ च्या डिसेंबरात जीएसटीचा नियम बदलला आणि पॅनशी जोडलेल्या मोबाइलवर व ईमेलवर ओटीपी जाऊन त्याची खातरजमा झाल्याशिवाय नोंदणी पुढे सरकू नये, असे ठरले. सुधारणा चांगली आहे. पण जोडलेला नंबरच दुसऱ्याचा असेल, तर आपल्या दाराची घंटा शेजाऱ्याच्या घरात वाजते.

चूक, चलाखी आणि टोळी

खोटी नोंद दिसली की लगेच टोळीचा हात समजू नये. पुष्कळदा ती साधी चूक असते. पॅनचे एक अक्षर चुकीचे पडले, संयुक्त ठेवीचे सगळे व्याज दुसऱ्या नावावर चढले, घर नवरा-बायकोने मिळून घेतले आणि पूर्ण किंमत दोघांच्याही विवरणात आली. अशी चूक बँकेला किंवा कंपनीला लेखी कळवली, त्यांनी दुरुस्ती विवरण भरले की मिटते.

चलाखी वेगळी. वर्षाला एक लाखाहून अधिक भाडे दाखवून घरभाडे भत्त्याची सवलत घ्यायची तर घरमालकाचा पॅन द्यावा लागतो. २०२४ च्या सुरुवातीला अशी प्रकरणे पुढे आली, ज्यांत नोकरदारांनी भलत्याच माणसाचा पॅन घरमालक म्हणून लिहिला होता. ज्याचा पॅन, त्याला पत्ताही नाही. महिना पन्नास हजारांपर्यंतच्या भाड्यावर भाडेकरूला टीडीएस कापावा लागत नाही, म्हणून ही लबाडी वर्षानुवर्षे झाकलेली राहते. काही ठेकेदार हजेरीपटावर कधीच कामाला न आलेली माणसे दाखवतात. त्या माणसांच्या नावावर पगार चढतो आणि रोख ठेकेदाराच्या खिशात जाते.

टोळीचा व्याप सगळ्यांत मोठा. बोगस बिलिंग हा तिचा धंदा. माल हलत नाही, फक्त बिले हलतात, आणि त्या बिलांवर खरेदीदार जीएसटीची वजावट उचलतो. बिल फाडायला फर्म लागते, फर्मला माणूस लागतो, आणि तो माणूस कागदावर असला तरी चालतो. २०२३ च्या मेच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंतच्या दोन महिन्यांत केंद्र आणि राज्यांनी मिळून मोहीम काढली, तेव्हा नोंदवलेल्या पत्त्यावर अस्तित्वातच नसलेल्या २१,७९१ नोंदण्या सापडल्या. संशयित करचोरी २४,०१० कोटी रुपयांची. त्यांतल्या कितीतरी नोंदण्यांमागे या बाईंसारखा एक-एक पॅन असणार.

२०२४ च्या मार्चमध्ये ग्वाल्हेरचा एक कॉलेजचा विद्यार्थी पोलिसांकडे गेला. त्याच्या पॅनवर एक कंपनी निघाली होती, तिचा कारभार मुंबई-दिल्लीत चालला होता आणि व्यवहार ४६ कोटींचे होते. त्याआधी २०२० च्या जानेवारीत कल्याणजवळच्या आंबिवलीतल्या एका मजुराच्या झोपडीत १ कोटी ५ लाखांच्या कराची नोटीस पोहोचली. नोटाबंदीच्या काळात त्याच्या नावाच्या खात्यात ५८ लाख भरले गेले होते. खात्यासाठी पॅन त्याचा वापरला होता, फोटो आणि सही त्याची नव्हती.

ऐकणाऱ्याला प्रश्न पडतो, ५८ लाखांचे १ कोटी ५ लाख कसे होतात? पैसा कुठून आला हे सांगता आले नाही, तर कायदा त्याला अस्पष्टीकृत उत्पन्न धरतो. नोटाबंदीनंतर संसदेने अशा पैशावरचा दर ६० टक्के केला. त्यावर अधिभार, त्यावर उपकर, म्हणजे ७७-७८ टक्के. विवरणपत्र भरले नाही म्हणून दरमहा एक टक्का व्याज, आगाऊ कर भरला नाही म्हणून आणखी एक टक्का, वर दंड. ज्याने पैसा पाहिलाही नाही, त्याच्यावर पैशाहून मोठा कर बसतो तो असा.

ज्याने लिहिले, त्यालाच विचारणार

एआयएसमधल्या प्रत्येक ओळीपुढे हरकत नोंदवायची सोय आहे. माहिती बरोबर आहे, पूर्ण बरोबर नाही, दुसऱ्या पॅनची किंवा वर्षाची आहे, दोनदा आली आहे, किंवा ‘इन्फॉर्मेशन इज डिनाइड’, म्हणजे मला हे मान्यच नाही. सल्लागारांनी बाईंकडूनच माउस धरवून एकेका ओळीवर ती हरकत टाकून घेतली. प्रत्येक हरकतीची पोचपावती निघाली. ती त्यांनी छापली, तारीख तपासली आणि फाइलला लावली.

हरकत घेतली म्हणून ओळ पुसली जात नाही. कळवलेली रक्कम तशीच राहते आणि तिच्या शेजारी आपण सांगितलेली रक्कम दिसते. मग ज्याने ती माहिती दिली, त्याच्याकडे आपली हरकत जाते आणि तुमची नोंद खरी का, असे त्याला विचारले जाते. मे २०२४ पासून हरकत कधी पाठवली, उत्तर कधी आले, काय आले, हेही आपल्याला दिसते. ही पारदर्शकता मोलाची आहे. मात्र विचारले जाते कुणाला? ज्याने खोटे लिहिले, त्यालाच. बँकेची चूक असेल तर ती मान्य होईल. बोगस बिलांवर पोट भरणारी कंपनी ‘होय, आम्ही खोटे लिहिले’ असे कशासाठी सांगेल? ती उलट ‘नोंद बरोबर आहे’ म्हणते, किंवा गप्प बसते. बाईंच्या तीन कंपन्यांपैकी दोन गप्प राहिल्या, एकीने हरकत फेटाळली.

माझ्या मते या व्यवस्थेतला मोठा अन्याय इथे आहे. नोंद करणाऱ्याकडून पुरावा मागायला हवा. कामाचा करार, माल पोहोचल्याची पावती, पैसे कुठल्या खात्यात गेले त्याचा तपशील दाखवायला त्याला सांगावे, आणि तो दाखवता आला नाही तर नोंद आपोआप रद्द व्हावी. आज उलटे चालते. मी काम केलेच नाही, हे पोळ्या लाटणाऱ्या बाईंनी सिद्ध करायचे आहे. न केलेल्या गोष्टीचा पुरावा माणूस आणणार कुठून?

तरीही हरकत घ्यावीच लागते, कारण गप्प बसण्याची किंमत फार मोठी आहे. नोटिशीला उत्तर गेले नाही की अधिकारी समोर असलेल्या कागदांवरूनच एकतर्फी आकारणी करतो. मग मागणी निघते. अपिलासाठी तीस दिवस मिळतात. अपील चालू असताना वसुली थांबवायची तर खात्याच्या २०१७ च्या सूचनेप्रमाणे सर्वसाधारणपणे मागणीच्या २० टक्के आधी भरायचे. ही अट शिथिल करण्याचा अधिकार अधिकाऱ्याला आहे, सर्वोच्च न्यायालयानेही ते मान्य केले आहे. पण त्यासाठी मागावे लागते, आणि मागायचे असते हे महिना बारा हजारांत घर चालवणाऱ्या बाईला सांगणार कोण?

सल्लागारांनी उत्तरात ‘कृपया’, ‘दया’ असे शब्द येऊ दिले नाहीत. चारच गोष्टी मागितल्या. ज्या करारांवर हे पैसे दिले त्यांच्या प्रती, ज्या बँक खात्यात गेले त्याचा क्रमांक, त्या खात्याची केवायसी कागदपत्रे आणि तिथे दिलेला मोबाइल नंबर. “माहिती तुमच्याकडे आहे म्हणता ना, मग दाखवा,” ते म्हणाले. “खातं उघडताना दिलेली सही ताईंच्या सहीशी जुळत नाही, हे एकदा रेकॉर्डवर आलं की केस पालटते.” बाईंच्या एकमेव पासबुकाची पानन्‌पान प्रत जोडली. सगळ्यांत मोठी जमा तीस हजारांची होती, भिशीची.

पोलीस चौकी

पोलीस चौकीत पहिल्या फेरीला अर्ज ठेवून घेतला, गुन्हा नोंदवला नाही. “हे इन्कम टॅक्सचं आहे, तिकडे जा.” तिकडे गेल्यावर विचारतात, एफआयआर कुठे आहे. या येरझाऱ्यांत माणसे थकून घरी बसतात. म्हणून अर्जात कराचा वाद लिहायचाच नाही, ओळख चोरल्याचा गुन्हा लिहायचा. दुसऱ्याची ओळख वापरणे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६सी खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद. तोतयेगिरी आणि बनावट कागदांची कलमे वेगळी. कृत्य १ जुलै २०२४ च्या आधीचे असेल तर जुनी भारतीय दंड संहिता लागते, नंतरचे असेल तर न्याय संहिता. ठाण्यात नोंदवून घेतले नाही तर पोलीस अधीक्षकांना किंवा आयुक्तालयातल्या वरिष्ठांना लेखी पाठवता येते. बाईंनी तसे टपालाने पाठवले, तेव्हा पुढे चौकीतून बोलावणे आले.

जीएसटीच्या खोट्या नोंदणीसाठी ती ज्या अधिकाऱ्याच्या अखत्यारीत आहे, त्याला वेगळा अर्ज करून ती सुरुवातीच्या तारखेपासून रद्द करून मागावी लागते. पोर्टलवर नोंदणी उघडली की अखत्यारीतले कार्यालय तिथेच दिसते. ज्या कंपन्यांनी पॅन वापरला, त्यांच्याविरुद्ध आयकर पोर्टलवरच करचोरीची तक्रार करता येते, लॉगिनही लागत नाही. पॅन रद्द करून नवा घ्यावा, असा सल्ला पुष्कळ जण देतात. तो ऐकू नये. दुसरा पॅन बाळगणे हाच दहा हजार रुपये दंडाचा गुन्हा आहे आणि जुन्या पॅनवरची मागणी त्याने संपत नाही.

बाईंना सर्वांत जास्त भीती वेगळीच होती. लाडक्या बहिणीचे दरमहा दीड हजार. कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवे आणि घरात कुणी आयकर भरणारे नसावे, अशी त्या योजनेची अट आहे. ४१ लाखांची खोटी ओळ सरकारी यादीत राहिली, तर खरे पंधराशे बंद होतील, मुलीच्या उत्पन्नाच्या दाखल्यालाही अडचण येईल, हे त्यांनी कुणी न सांगता ओळखले होते.

भोसरीचा एजंट

दुसऱ्या एका प्रकारात मात्र पूर्ण सुटका नाही. भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात गेटवर एजंट येत असे. कापलेला सगळा टीडीएस परत आणून देतो, त्यातले काही टक्के मला. कामगारांनी फॉर्म १६ दिला, पासवर्ड दिला. एजंटाने कुणाला घर नसताना गृहकर्ज दाखवले, कुणाच्या नावे राजकीय पक्षाला देणगी. पैसे खात्यात आले. दोन वर्षांनी काहींच्या नावे नोटिसा निघाल्या, त्या पोहोचल्याच नाहीत, कारण पोर्टलवर ईमेल एजंटाने खास काढलेला होता. जुलै २०२५ मध्ये आयकर खात्याने देशभर १५० ठिकाणी अशा दलालांची झडती घेतली, तेव्हा हीच पद्धत पुढे आली. एकगठ्ठा विवरणपत्रे भरण्यापुरते ईमेल काढायचे आणि मग सोडून द्यायचे. ज्या राज्यांत संशयास्पद दावे दिसले, त्यांच्या यादीत महाराष्ट्र होता.

“आम्हाला काय माहीत त्यानं काय लिहिलं?” तिथला एक फिटर मला म्हणाला. त्याचा संताप खरा होता. पण विवरणपत्राखालची पडताळणी त्याच्या नावे झालेली असते आणि कायदा ते त्याचेच निवेदन मानतो. चुकीचा दावा जाणूनबुजून केला असे ठरले तर करावर २०० टक्क्यांपर्यंत दंड बसतो. नोटीस येण्याआधी स्वतःहून अद्ययावत विवरणपत्र भरून जास्तीचा परतावा परत करणे आणि जादा कर भरणे हाच त्यातून निघायचा सरळ मार्ग आहे. त्याची मुदत २०२५ च्या अर्थसंकल्पाने दोन वर्षांवरून चार वर्षे केली. जेवढा उशीर, तेवढा जादा कर अधिक. त्या फिटरने तो भरायला घेतला आहे, हप्त्याने फेडायच्या उसन्या पैशांतून.

आता दारात आलेली किंवा मोबाइलवर पडलेली नोटीस खरीच आहे का, हेही पाहावे. १ ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या प्रत्येक पत्रावर डिन नावाचा क्रमांक असतो आणि तो पोर्टलवर कुणालाही पडताळता येतो. क्रमांक जुळला नाही, किंवा मेसेजमध्ये ‘लगेच पैसे भरा’ अशी लिंक असेल, तर ती फसवणूक समजावी.

बाईंचे प्रकरण हे लिहीपर्यंत संपलेले नाही. खोटी जीएसटी नोंदणी रद्द झाली आहे. १४८अ च्या उत्तरावर आदेश यायचा आहे. पॅनला आता त्यांचा स्वतःचा मोबाइल जोडलेला आहे, आणि झेरॉक्स देताना त्या तिच्यावर आडवे लिहून देतात की ही कशासाठी आणि कुठल्या तारखेला दिली.

हा अंक वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे लॉगिन आहे, सीए आहे, इंग्रजी पत्र वाचता येते. तुमच्या घरी स्वयंपाकाला, धुण्याभांड्याला, गाडीवर येणाऱ्या माणसाकडे यातले काही नाही, पॅन मात्र आहे. एखाद्या सुट्टीच्या दिवशी त्यांच्यासोबत अर्धा तास बसा. पॅनला कुणाचा मोबाइल जोडला आहे ते पाहा, एआयएस उघडा, जीएसटीच्या पोर्टलवर त्यांचा पॅन शोधा. काही खोटे दिसले तर त्याच दिवशी हरकत नोंदवा आणि पोचपावती छापून त्यांच्या हातात द्या.